शेपटीवर भरोसा ठेवला अन पाच महिने गेले (क्रिस्परवाला उंदीर बनवायला निघालेल्यांसाठी)

मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला, घरी कपाशी. लॅबमधे क्रिस्परनं (डीएनए कापून जीन बदलायची पद्धत) एक जीन बंद पाडलेली उंदरं बनवतो म्हटलं तर बाबा म्हणे, "आम्ही उंदरं मारायचं औषध आणतो, अन तू पैदा करून राहिला काय बे?" तर गाइड आरएनए (कुठं कापायचं ते दाखवणारा), कॅस-नाइन (डीएनए कापणारी कात्री), पॅम (कापायच्या जागेशेजारची अक्षरांची खूण) हे तुम्हाला माहिती आहे असं धरून लिहितोय. एथिक्स कमिटीची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर, तिथं हुशारी नको.

भ्रूणात इंजेक्शन द्यायची भीती सगळ्यांनाच असते, माझाही हात थरथरायचा, बसतो हळूहळू. मादीला पीएमएसजी (अंडी वाढवणारं हार्मोन) दिल्यावर ४६-४८ तासांनी एचसीजी (अंडी सोडवणारं), मग नरासोबत ठेवायचं, सकाळी प्लग (जोडी जुळल्याची खूण) बघायचा, हे सगळं अ‍ॅनिमल हाउसमधले दादा तुमच्या गाइड सरांपेक्षा चांगलं शिकवतात. सरांना राग आला तर येऊ द्या.

मी फसलो ते पिल्लं झाल्यावर. १९ पिल्लं, शेपटीचा बारीक तुकडा, रात्रभर प्रोटिनेज के (प्रोटीन विरघळवून डीएनए मोकळं करणारं), मग पीसीआर (त्या डीएनएच्या प्रती वाढवायला), सिक्वेन्सिंग (त्याची अक्षरं वाचायला). ६ नंबरच्या नराच्या ग्राफमधे पॅमच्या तीन अक्षरं अलीकडून पीक (ग्राफची टोकं) एकावर एक चढलेले, सॉफ्टवेअर म्हणे बहुतेक ७ बेस (डीएनएची अक्षरं) उडाले. अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात, सात म्हणजे ती फ्रेम बिघडली, जीन बाद! रात्री अकराला सरांना व्हॉट्सअ‍ॅप केला, सरांचा अंगठा आला. झालं.

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. कॅस-नाइन आपण एका पेशीच्या भ्रूणात टाकतो खरं, पण ते तिथंच काम उरकून थांबेल असं नाही, एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात तरी कापणं चालू राहू शकतं, अन प्रत्येक पेशी तुटलेलं आपापल्या परीनं जोडते. म्हणून एकाच उंदरात कुठं ७ बेस गायब, कुठं ३, कुठं काहीच नाही. यालाच मोझॅक म्हणतात. शेपटी म्हणजे वावराचा धुरा, धुऱ्यावरची चार झाडं पाहून सगळं वावर सांगता येत नाही. हे बाबांना सांगितलं तर हसले, "तुह्या उंदराचं बियाणं शेपटीत असते काय?" नसते ना! पिल्लात जातं ते टेस्टिसमधलं, अन ते मी तपासलंच नव्हतं.

वरून शॉर्टकट मारला. ६ नंबर अन ११ नंबरची मादी, दोघंही एडिट झालेले, एकत्र ठेवले, म्हटलं सरळ होमोझायगस (दोन्ही कॉपी बदललेला) मिळेल. ८ पिल्लं झाली. कोणात ३ गायब, कोणात १ जास्तीचा, कोणाकडून काय आलं कळेना, अन ७ वालं एकही नाही. ३ गायब म्हणजे एक अमिनो आम्ल कमी, आमचं प्रोटीन मजेत चालू.

फाउंडर (इंजेक्शनमधून आलेला पहिला उंदीर) फक्त वाइल्ड टाइपसोबतच (साध्या, न बदललेल्या) ठेवा. मग पिल्लाची एक कॉपी साधी, दुसरी फाउंडरची, वाचायला सोपं. प्रत्येक एफ-वन (फाउंडरचं पिल्लू) नव्याने सिक्वेन्स करा, अन एकाच फाउंडरवर बसू नका, तीन-चार ठेवा. पोटात तीन आठवडे, दूध तुटायला तीन, वयात यायला अजून तीन ते पाच, म्हणजे एक चूक किती महाग ते मोजा. आधी ईएस सेलच्या (भ्रूणातल्या मूळ पेशींच्या) रस्त्यानं वर्ष सहज जायचं, त्या कामाला २००७ ला नोबेल मिळालं, क्रिस्परला २०२० ला, म्हणून नवीन पोट्ट्यांना हे झटपट वाटतं. पण रडू नका.

६ नंबरला मग साध्या ब्लॅक-सिक्स (लॅबमधली नेहमीची जात) मादीसोबत ठेवलं. पहिल्या वेळी ९ पिल्लं, ७ वालं एकातही नाही. दुसऱ्या वेळी दोघांत निघालं, आमची आजची सगळी लाइन त्या दोघांचीच आहे.