बी.कॉम. झालं, आता बेळगावच्या उद्यमबागेत अकाउंट्सला लागायचं तर

राणी चन्नम्मा विद्यापीठाची डिग्री हातात आली तेव्हा डेबिट-क्रेडिटचे नियम मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यायचे. खानापूरच्या बसमधून बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटला उतरून उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फौंड्रीत मुलाखतीला गेले. मालकांनी नियम विचारलेच नाहीत. दोन ऑर्डरी पुढ्यात टाकल्या. "एक माल शिनोळीला, एक हुबळीला. टॅक्स कसा लावतीस सांग बघू."

मी गप्प. नोकरी तिथंच गेली.

शिनोळी इथून हाकेवर, पण चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र: आयजीएसटी, दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा जीएसटी. हुबळी शंभरेक किलोमीटर लांब, पण कर्नाटकातच: सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वाटा वेगवेगळा. माल कुठल्या राज्यात पोचतो ते बघायचं, मग गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे ताडून घ्यायचे. २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक. आमच्या गल्लीत सीमाप्रश्नावर रात्र रात्र चर्चा चालायच्या, पण ती सीमा बिलात कुठं येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

म्हणून शेवटच्या वर्षाला असतानाच एखाद्या टॅक्सवाल्याच्या ऑफिसात जाऊन बसा. फुकट बसायला लागलं तरी दोन महिने बसा. दर महिन्याला विक्रीचं रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारीख असते, थ्री-बीला, म्हणजे कर भरायच्या रिटर्नला, २०. त्याच्या आधीचे चार दिवस तिथं माणूस कमीच पडतो. तेव्हा गेलात तर कुणी नको म्हणत नाही. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, क्लास करा, पण सर्टिफिकेट लॅमिनेट करण्यात पैसे घालू नका.

तिथं जॉबवर्कचं, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडून काम करून घ्यायला पाठवतात त्याचं, चलन मुद्दाम मागून बघा. उद्यमबागेचं निम्मं काम त्यावरच चालतं: कास्टिंग एकाचं, मशिनिंग दुसऱ्याकडं, प्लेटिंग तिसऱ्याकडं. विक्री नसते, म्हणून बिल नाही, चलन. पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर ती विक्री धरतात. आणि जॉबवर्कला माल शिनोळीला पाठवला, तर किंमत ५०,००० च्या आत असली तरी ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना, लागतं. हे एवढं सांगता आलं म्हणून दुसऱ्या ठिकाणी मला घेतलं.

कन्नड बोलता येतं, एवढ्यावर राहू नका, वाचायला शिका. कारखान्यात मराठी चालते, पण हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल आणि सरकारी नोटिसा बऱ्याचदा कन्नडात येतात. मी शाळेत कन्नडाच्या तासाला मागच्या बाकावर असायची, ते आता फेडते आहे.

पगार ठरवताना लाजू नका. पीएफ कधीपासून कापणार, ते पहिल्या दिवशीच विचारा आणि यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, मागून घ्या. माझ्याकडं नंतर काम शिकायला आलेल्या पोरीनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी आठ महिने विचारलं नव्हतं; ते आठ महिने माझ्या पीएफच्या पासबुकात नाहीत.