उजेडाच्या हॉलसाठी मोठा टीव्ही घेताना

माझं काम पडदे शिवून देण्याचं. मापं घ्यायला जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड असं सगळीकडे जाणं होतं आणि हल्ली बऱ्याच घरांत एकच मागणी असते : "ताई, नवा टीव्ही घेतलाय, दिवसा काही दिसत नाही. जाड पडदा टाकून द्या." मी टाकून देते. पण ब्लॅकआउट पडदा ओढला की वारा बंद, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी खिडकी उघडल्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही. म्हणून कळकळीने सांगते, आधी उजेड बघा, मग भिंत ठरवा आणि मगच नव्या पेठेत दुकानं फिरा.

उजेड बघायला घरातला आरसा पुरतो. टीव्ही लावायचा त्या जागी कुणाला तरी आरसा भिंतीला टेकवून धरायला सांगा आणि तुम्ही सोफ्यावर नेहमीच्या जागी बसा. आरशात खिडकी किंवा बाल्कनीचा दरवाजा दिसला, तर उद्या टीव्हीतही तोच दिसणार. बाजूच्या खुर्चीवरून बघा, आजी खाली बसत असतील तर तिथूनही बघा. एकदा दुपारी आणि एकदा पाचच्या सुमारास, ऊन तिरपं झाल्यावर. खिडकीला काटकोनात असलेली भिंत बहुतेक घरांत सगळ्यात चांगली ठरते. खिडकीच्या समोरची भिंत शक्यतो टाळा. आणि खिडकीच्याच भिंतीवर लावलात तर प्रतिबिंब जाईल, पण उजेड थेट डोळ्यांवर येऊन चित्र काळपट वाटेल.

ऋतूचाही विचार करा. सोलापुरात मे महिन्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, मात्र तोच सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि छज्जा नसेल तर भरदुपारी ऊन चार-पाच फूट आत सरकतं. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी असेल तर ते ऊन फरशीवरून उसळून थेट स्क्रीनवर जातं. टीव्हीसमोर एक जाडसर सतरंजी टाकली तरी केवढा फरक पडतो, करून बघा.

आता टीव्ही. टीव्हीच्या पडद्याचा उजेड निट्स या एककात मोजतात. स्वस्तातले साधे एलईडी टीव्ही साधारण अडीचशे ते साडेतीनशे निट्सचे असतात. रात्री ते पुरतात, दिवसा उघड्या खिडकीत पुरत नाहीत. उजेडाच्या हॉलला माझ्या मते ६००च्या खाली जाऊच नये, आणि खिसा परवानगी देत असेल तर मिनी एलईडीच घ्यावा. त्यात मागे हजारो बारीक दिवे असतात, ते गटागटाने कमी-जास्त होतात, म्हणून उजळ भाग खरोखर उजळ दिसतो आणि काळा भाग काळा राहतो. जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा पडद्याच्या छोट्याशा तुकड्यापुरता, तोही थोडा वेळ मिळणारा असतो. क्रिकेटचं मैदान दाखवताना सगळा पडदाच हिरवागार उजळ असतो, तेव्हा किती उजेड टिकतो हे खरं. तोच आकडा दुकानदाराला विचारा.

क्यूएलईडी नाव वाचून भुलू नका. ती रंग सुधारणारी क्वांटम डॉटची पद्धत आहे, तेवढ्यावरून टीव्ही उजळ ठरत नाही. ओएलईडीत मागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. त्याचं चित्र अंधाऱ्या खोलीत अप्रतिम दिसतं, पण पूर्ण पडदा पांढरा किंवा उजळ झाला की तो स्वतःच उजेड उतरवतो. शिवाय आपल्याकडे सकाळपासून बातम्यांचं चॅनेल चालू आणि खाली तीच लाल पट्टी, कोपऱ्यात तोच लोगो. वर्षानुवर्षं असं चाललं तर ओएलईडीवर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. अशा घराला मी ओएलईडी सुचवणार नाही.

दुकानात गेलात की टीव्ही बंद करायला लावा. हो, बंद! मोबाइलचा टॉर्च काळ्या स्क्रीनवर मारा. एकात दिव्याचा ठिपका लख्ख दिसेल, एकात जांभळट आणि मंद दिसेल, एकात धुरकट पसरेल. मंद दिसणारा उत्तम. पसरवणारी मॅट स्क्रीनही चालते, फक्त त्यात भर उजेडात काळा रंग थोडा राखाडी वाटतो. मग टीव्ही चालू करून शोरूमचा भडक मोड काढायला सांगा, घरगुती मोडवर बघा आणि चार पावलं बाजूला सरका. एलईडी टीव्हीच्या पॅनेलचे, म्हणजे चित्र उमटणाऱ्या थराचे, व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार असतात. व्हीए पॅनेलचे रंग बाजूने फिके पडतात, आयपीएसचे टिकतात. कोपऱ्याचा सोफा असेल तर हे फार महत्त्वाचं. आयपीएसचा काळा जरा कमी काळा असतो, पण दिवसा तो फरक जाणवत नाही.

आकाराचं सोपं आहे. ६५ इंची टीव्ही साधारण १४५ सेंटिमीटर रुंद असतो, ७५ इंची १६७ च्या आसपास. सोफा भिंतीपासून सात-साडेआठ फुटांवर असेल तर ६५, नऊ-दहावर असेल तर ७५. वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा चौकोन भिंतीवर करून बघा. मधला भाग बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास यावा. ७५ इंचीचं खोकं लिफ्टमध्ये मावतं का, जिन्याच्या वळणावर फिरतं का, हे पैसे देण्याआधी मोजा. जुन्या किमती लक्षात असतील तर एवढं ध्यानात ठेवा, ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे.

घरी आला की खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि पूर्ण पांढरा, पूर्ण काळा पडदा लावून रेषा किंवा डाग बघा. ऊर्जाबचतीचा मोड बंद करा, तो गुपचूप उजेड कमी करतो. बऱ्याच टीव्हींत "ब्राइटनेस" म्हणजे फक्त काळ्याची पातळी असते. खरा उजेड "बॅकलाइट"ने वाढतो. मागे हवेला जागा सोडा, कारण कितीतरी टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि आपला उन्हाळा त्याच्या वर जातो.

पडद्याचं माप सगळ्यात शेवटी घ्या. टीव्ही आठवडाभर चालू द्या, कुठल्या तासाला कुठल्या खिडकीचा त्रास होतो ते टिपा. बहुतेक वेळा एकाच खिडकीला पडदा लागतो, तोही दुहेरी रॉडवर : आत विरळ, मागे जाड. विरळ पडदा दिवसभर ओढलेला राहू दे, वारा येत राहील. जाड पडदा फक्त तिरप्या उन्हाच्या दोन तासांपुरता.