लिफ्टचं सर्व्हिस कार्ड: ‘ओके’ नको, आकडा लिहा

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करून मी पुण्यात लिफ्टच्या कामाला लागलो, तेव्हा माझ्याकडे 22 लिफ्ट होत्या. प्रत्येकीची महिन्याला एक सर्व्हिस. चेकलिस्टचं कार्ड मी काम संपल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये बसून भरायचो, वरपासून खालपर्यंत ‘ओके’. माझ्याआधीच्यांची कार्डंही तशीच होती, त्यामुळे काही चुकतंय असं वाटलं नाही.

पावसाळ्यात एका इमारतीत लाइट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत एक आजी होत्या. वीज गेल्यावर बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडतं ते एआरडी चाललंच नाही. मी पोहोचून त्यांना बाहेर काढेपर्यंत 40 मिनिटं गेली. बाहेर आल्यावर त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या, हात थरथरत होते. बाराच दिवसांपूर्वी एआरडीपुढे मी ‘ओके’ लिहिलं होतं. मीटर लावूनच लिहिलं होतं, चारही बॅटऱ्या साडेबारा व्होल्टच्या वर होत्या. पण थकलेली बॅटरी लोड नसताना व्होल्टेज छान दाखवते आणि लोड आला की बसते.

त्या दिवसापासून एआरडी मी मेन स्विच पाडूनच तपासतो. केबिन रिकामी आहे, सगळी दारं बंद आहेत हे बघून घ्यायचं, लिफ्ट मजल्यांच्या मध्ये असताना सप्लाय बंद करायचा आणि दार उघडेपर्यंतचे सेकंद मोजून कार्डावर लिहायचे. ‘ओके’ दर महिन्याला सारखंच दिसतं. सेकंद वाढत गेले तर बॅटरी मरायच्या आधी कळतं.

काउंटरवेटचंही असंच, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला केबिनला तोलणारं जे वजन असतं त्याचं. दोर वापराने ताणतात, म्हणून लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्याला असताना काउंटरवेट आणि खाली धक्का झेलायला बसवलेला बफर यांच्यातलं अंतर हळूहळू कमी होतं. एका भेटीत ते डोळ्यांना कळत नाही. मिलिमीटरमध्ये लिहिलेले सहा महिन्यांचे आकडे शेजारी ठेवा, दोर कापून आखूड करायची वेळ कधी येणार ते दिसतं.

क्रम मोडू नका. मी तळमजल्यावर ‘काम चालू’चा बोर्ड लावतो, मग एकदा लिफ्टमधून वर-खाली जाऊन नुसतं ऐकतो, मग मशीन रूम, मग केबिनचं छत, शेवटी पिट, म्हणजे लिफ्टखालचा खड्डा. छतावर पाय ठेवण्याआधी स्टॉप स्विच दाबायचा आणि इन्स्पेक्शन मोड लावायचा (मग लिफ्ट फक्त छतावरच्या बटणांनी, हळू चालते), घाई कितीही असो. पिटमध्ये पावसाळ्यात पाणी साचतं, तिथे दिव्याशिवाय उतरू नका. मधेच कुणी बोलावलं तर जिथे थांबलात त्या ओळीवर खूण करून जा. परत येऊन आठवणीवर सुरुवात केली की एखादा डोअर लॉक हमखास राहतो.

छापील कार्डात नसलेली एक ओळ मी हाताने वाढवली आहे: जंपर किती लावले, किती काढले. फॉल्ट शोधताना दाराच्या लॉकच्या कॉन्टॅक्टला तात्पुरती वायर जोडून तो बायपास करावा लागतो, तीच वायर म्हणजे जंपर. ती तशीच राहिली तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालेल. या लाइनीत मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. म्हणून माझ्या पिशवीत चारच लाल वायरी असतात, आणि चार परत पिशवीत आल्याशिवाय लिफ्ट नॉर्मलला टाकत नाही.

राज्याच्या 2017 च्या लिफ्ट कायद्याखाली सरकारी तपासणी होते, पण दोन तपासण्यांमधले सगळे महिने आपल्या हातात असतात. शिवाय दर वेळी सर्व्हिसला येणारा माणूस तोच असेल असं नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीन रूममध्येच ठेवा, बॅगेत घरी नेऊ नका.

गेल्या दिवाळीत मी गावी होतो. आजींच्या इमारतीत माझ्या जागी नवा मुलगा गेला होता, लिफ्ट त्याने आधी कधी पाहिलीही नव्हती. दुपारी त्याचा फोन आला: “दादा, कार्डावर मागच्या वेळी 18 सेकंद आहेत, आज 31 लागले. बॅटऱ्या मागवू का?”