ऑडिओसाठी वेगळा कर्नल टाकायच्या आधी या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, लिनक्सवर रेकॉर्डिंग करताना मधेच टक् टक् आवाज येतोय, कुठला कर्नल (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअर आणि सगळे प्रोग्रॅम सांभाळतो) टाकू? आणि लगेच दहा जण रियलटाइम टाक, लो-लेटन्सी टाक सांगून मोकळे होतात. एकानंही विचारलेलं नसतं की बाबा बफर (एका वेळी आवाजाचा किती तुकडा हाताळायचा ते) किती ठेवलायस, वायफाय चालू आहे का, साउंड कार्ड कुठल्या पोर्टला लावलंयस. सर्व्हर, डेस्कटॉप आणि ऑडिओ या तिघांना एकच कर्नल पुरतो का, तर माझं उत्तर हो, पुरतो. नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सगळ्यात वेगवान 500 सुपरकॉम्प्युटरच्या टॉप500 यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सच आहे, सोर्स एकच. फरक पडतो तो कर्नल कुठल्या सेटिंगनं चालू केलाय आणि गर्दीत कुणाला आधी सोडायचं हे त्याला सांगितलंय का, यानं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे रियलटाइम म्हणजे फास्ट असं समजणं. नाही हो, रियलटाइम म्हणजे ठरल्या वेळेत. वडापची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, एका खेपेत जास्त माणसं जातात, डिझेल वसूल होतं, पण तुम्हाला दहाला पोचायचंय याच्याशी ड्रायव्हरला काही घेणंदेणं नसतं. एसटी अर्धी रिकामी असली तरी टायमाला सुटते. सर्व्हरला वडाप परवडते, ऑडिओला एसटीच लागते. 48 किलोहर्ट्झला 128 फ्रेमचा बफर म्हणजे 2.67 मिलिसेकंद, तेवढ्यात ऑडिओ थ्रेडला (आवाजाचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या भागाला) सीपीयू मिळून त्याचं काम उरकलं पाहिजे, नाही उरकलं की एक्सरन, म्हणजेच तो टक्. वेबसाइटचं पान 3 मिलिसेकंद उशिरा आलं तर कुणाला कळतसुद्धा नाही.

आणि एसटी टायमाला सोडायची किंमत असते. रियलटाइम कर्नलमध्ये बहुतेक स्पिनलॉकच्या (सीपीयू अडवून वाट बघणाऱ्या लॉकच्या) जागी झोपू शकणारे लॉक येतात, इंटरप्टचं (हार्डवेअरनं सीपीयूला मारलेल्या हाकेचं) काम वेगळ्या थ्रेडमध्ये जातं, म्हणजे एका कामावरून दुसऱ्यावर उड्या वाढतात आणि एकूण काम कमी होतं. एका ओळखीच्या ऑफिसात कुणीतरी हौसेनं डेटाबेसच्या मशीनवर रियलटाइम कर्नल टाकलेला, आठवडाभर सगळे डिस्कला शिव्या देत होते कारण रात्रीचा बॅकअप सकाळी ऑफिस उघडलं तरी संपलेला नसायचा. डिस्ट्रोचा, म्हणजे उबंटूसारख्या तयार लिनक्ससोबत येणारा, साधा कर्नल परत बूट केला, बॅकअप पूर्वीसारखा रात्रीतच आटपायला लागला.

आता दुसरी चूक, जी बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात माणसाचे आठवडे जातात. न मोजता कर्नल बदलणं. माझा एक मित्र हार्मोनियम वाजवतो, घरीच लॅपटॉप आणि दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (बाहेरचं साउंड कार्ड) लावून रेकॉर्ड करतो. दर थोड्या वेळानं रेकॉर्डिंगमध्ये टक्. त्यानं कुठलातरी जुना गाइड बघून तीनदा कर्नल कंपाइल केला, म्हणजे सोर्सपासून स्वतः तयार केला, प्रत्येक वेळी अर्धी रात्र गेली, तिसऱ्यांदा रियलटाइमवाला केला तर त्यावर ग्राफिक्स ड्रायव्हरच बिल्ड होईना म्हणून तोही सोडून दिला. मी गेलो तोवर त्याचा लिनक्सवरचा विश्वास पार उडालेला. मी काहीच केलं नाही, पाइपवायर म्हणजे लिनक्सवर ऑडिओ सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याचं टॉप (pw-top) उघडलं, त्यात एररचा एक कॉलम असतो, तो बघत फोनवर स्टॉपवॉच लावून दोघं चहा पीत बसलो. आकडा वाढला, मग साधारण दोन मिनिटांनी परत वाढला, मग परत दोन मिनिटांनी. हे दिसलं तिथंच निम्मं काम झालं, कारण शेड्यूलर (कुणाला सीपीयू कधी द्यायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग) कमी पडत असेल तर एक्सरन लोड वाढला की कसेही येतात, घड्याळ लावल्यासारखे आले तर मशीनवर काहीतरी घड्याळ लावूनच चाललेलं असतं. वायफाय बंद केलं. वीस मिनिटं आकडा जागचा हलला नाही. चालू केलं, परत दोन मिनिटांचा टक्. वायफाय मागच्या मागं नवीन नेटवर्क शोधत राहतं आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर तेवढ्यात सीपीयू अडवून बसत होता. पुढं लोड वाढवल्यावर एखाददुसरा टक् राहिला, तो सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) पॉवरसेव्हवरून परफॉर्मन्सवर नेल्यावर गेला. डिस्ट्रोचा मूळ कर्नल, एक ओळही कंपाइल न करता.

म्हणून माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. आधी एरर मोजायचे, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग परत मोजायचे. वायफाय, ब्लूटूथ, गव्हर्नर, यूएसबी पोर्ट, याच क्रमानं. प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्सची फाइल (/proc/interrupts) उघडून साउंड कार्डाचा कंट्रोलर कुठल्या सीपीयूवर येतोय तेही बघून घ्यायचं. इंटरफेस हबला लावायचा नाही, थेट लॅपटॉपला.

पाच गोष्टी एकदम बदलून "आता चालतंय" म्हणणाऱ्यांना पुढच्या अपडेटनंतर परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता अशांना मदत करताना पहिल्यांदा सगळे बदल काढायलाच लावतो.

पुढची चूक, परवानगीचं विसरणं. ऑडिओ ग्रुपला आरटी प्रायोरिटी (रियलटाइम रांगेतला नंबर) 95 आणि मेमलॉक (मेमरी अडवून ठेवायची मुभा) अनलिमिटेड दिलं, ग्रुपमध्ये स्वतःला टाकलं, आणि लॉगआउट केलंच नाही. मग लागू कसं होणार? लॉगआउट करून परत या. आणि याला शॉर्टकट म्हणून सगळं सॉफ्टवेअर रूटनं (अ‍ॅडमिनच्या पूर्ण अधिकारानं) चालवू नका, प्लीज.

सगळ्याच प्रोग्रॅमना 99 प्रायोरिटी देऊ नका. सगळेच व्हीआयपी झाले तर रांगेला अर्थ राहत नाही, ब्राउझरला रियलटाइमची काही गरज नाही.

एचझेड (कर्नलच्या घड्याळाचे सेकंदाला ठोके) 1000 केलं की ऑडिओ सुधारतो हे डोक्यातून काढा. त्या ठोक्यांवर न अडणारे हाय रिझोल्यूशन टायमर 2007 पासून कर्नलमध्ये आहेत आणि साउंड कार्ड स्वतःच इंटरप्ट देतं. पाइपवायरमध्ये प्रो ऑडिओ प्रोफाइल निवडलंत तर त्या इंटरप्टवरच काम चालतं, फरक बघायचा तर तिथं बघा.

बफर 64 चा हट्टही नको. इंटरफेसमध्ये डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर गाणाऱ्याला आवाज कॉम्प्युटरमधून फिरून ऐकायचाच नसतो, 512 ठेवा आणि निवांत रेकॉर्ड करा. गिटारचा इफेक्ट कॉम्प्युटरमधूनच लाइव्ह ऐकायचाय तेव्हा 128 ला या.

शेवटची, जुने गाइड. 2010 च्या सुमाराचं काही वाचून पॅच (कर्नलच्या सोर्समधले बाहेरून आणलेले बदल) लावत बसू नका. कर्नल 5.12 पासून एकाच बायनरीत (तयार फाइलमध्ये) प्रीएम्प्टचे, म्हणजे चालू काम मधेच थांबवून दुसऱ्याला सीपीयू द्यायचे, पर्याय बूट करताना निवडता येतात, म्हणजे सर्व्हरवर सौम्य पर्याय, ऑडिओच्या मशीनवर फुल, कर्नल तोच. आणि ज्या रियलटाइम पॅचवर साधारण वीस वर्षं काम चाललं होतं तो नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 मध्ये मूळ कर्नलमध्येच आला, आता बाहेरून आणायची गरजच नाही. टर्मिनलमध्ये uname -a टाकून आउटपुटमध्ये PREEMPT_DYNAMIC दिसतंय का बघा, दिसलं तर ग्रबमध्ये (मशीन बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये) कर्नलच्या ओळीत preempt=full आणि threadirqs हे दोन शब्द टाका, रीबूट करा आणि परत एररचा आकडा बघत चहा घ्या. दोन दिवस मोजूनही 128 ला आकडा वाढतच राहिला, वायफाय वगैरे सगळं तपासून झालं असेल, तेव्हा रियलटाइमवाला बिल्ड टाका, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर त्यावर चालतो का ते आधी बघून घ्या.