गोव्यातील पूर्वजांचा शोध: दफ्तरे आणि जुनी वृत्तपत्रे

आरंभ घरातूनच करावा. आजी-आजोबांना विचारून मूळ गाव, कुलदेवता आणि घराण्याचा वांगड (म्हणजे गावातील कुळगट) आधी लिहून घ्यावा, कारण गोव्यात केवळ आडनावावरून माग काढणे फसवे ठरते. पोर्तुगीज लिपिकांनी नावे आपल्या उच्चारानुसार नोंदवली असल्याने शेणवींचे ‘सिनाय’, प्रभूंचे ‘पोरोबो’ आणि कामतांचे ‘कामोतीं’ झालेले आढळते. म्हणून प्रत्येक नावाची शक्य तितकी रूपे वहीत लिहून ठेवावीत आणि सर्व रूपांनी शोध घ्यावा.

जन्म, विवाह आणि मृत्यूच्या विसाव्या शतकातील नोंदींसाठी त्या तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात जावे. त्याआधीच्या काळासाठी ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांचा मोठा आधार असतो. हिंदू कुटुंबांनी देवस्थानच्या महाजनांच्या (म्हणजे वंशपरंपरागत सभासदांच्या) याद्या आणि कोमुनिदादींची, म्हणजे जुन्या गावकरी संस्थांची, दफ्तरे पाहावीत. त्यांतील जुने मराठी कागद बहुधा मोडीत असतात, तेव्हा मोडी शिकण्यात घालवलेले काही महिने सार्थकी लागतात, असे माझे मत आहे. गोव्याच्या पुराभिलेखागाराची परंपरा 1595 पर्यंत मागे जाते.

वृत्तपत्रांसाठी पणजीतील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय गाठावे. 1900 साली सुरू झालेले ‘ओ हेराल्दो’ तेव्हा पोर्तुगीजमध्ये निघत असे. निधनवार्तांत नातलगांची नावे एकत्र सापडतात, म्हणून मृत्यूच्या तारखेनंतरचे किमान महिनाभराचे अंक चाळावेत आणि प्रत्येक उताऱ्याशेजारी अंकाची तारीख व पृष्ठ नोंदवावे.