रशियन शिकताना मराठीचा हात सोडू नका

'माझ्याकडे पुस्तक आहे' हे रशियनमध्ये सांगताना इंग्रजीतलं 'आय हॅव' डोक्यातून काढून टाका. रशियन माणूस आपल्यासारखंच बोलतो: 'उ मिन्या येस्त्य क्नीगा', शब्दशः 'माझ्याकडे आहे पुस्तक'. 'मला भाऊ आहे' म्हणायलाही तेच 'उ मिन्या': 'उ मिन्या येस्त्य ब्रात'.

गाडी अडते ती नकारात. 'न्येत' (म्हणजे 'नाही') आला की नाम षष्ठीत जातं: क्नीगाचं क्नीगी, ब्रातचं ब्राता. 'उ मिन्या न्येत ब्राता', म्हणजे मला भाऊ नाही. मराठीत 'नाही' आल्यावर 'भाऊ' जागचा हलत नाही, म्हणून ही चूक हमखास होते. प्रत्येक नवं नाम होकार-नकाराच्या जोडीनेच घोका. कोरडे तक्ते पाठ करण्यापेक्षा हे मला बरं वाटतं.

'स्वोय' मात्र आपल्याला जवळजवळ फुकट मिळतो. तो म्हणजे आपलं 'आपला'. 'इवान ल्यूबित स्वायू झिनू': इवानचं आपल्या बायकोवर प्रेम आहे. 'स्वायू' या 'स्वोय'च्याच रूपाऐवजी 'यिवो' (म्हणजे 'त्याची') म्हणालात तर ती बायको दुसऱ्याच कुणाची तरी!