गावात स्मेताना ऐकवायचा असेल तर

आधी तारीख. चेक संगीतकार आणि कंडक्टर (म्हणजे वाद्यवृंद चालवणारा) बेद्रिख स्मेताना जन्मला 2 मार्च 1824 ला, गेला 12 मे 1884 ला. प्रागचा मोठा महोत्सव 12 मे धरतो. आपल्याकडे मे महिन्यात कूलर बंद करता येत नाही, आणि त्याच्या घरघरीत बासरी मेलीच. 2 मार्च घ्या. दहावी-बारावीचे पेपर सुरू असतात, तेव्हा भोंगा नको. समाजमंदिराचं दार लावून बसा.

डीजेची पेटी मागवू नका, कामाचं सगळं बासऱ्या-व्हायोलिनमध्ये आहे. बॅटरीवरचा बरा स्पीकर घ्या, लाइट जाणार हे धरूनच. रेकॉर्डिंग आधी डाऊनलोड करा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा.

आवाज लावतानाच बहुतेकांचं चुकतं. ‘वल्टावा’ ही त्याची याच नावाच्या नदीवरची वाद्यवृंदाची रचना. तिची सुरुवात दोन बासऱ्यांची, अगदी हळू. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला, की नदी खडकांवरून कोसळते तिथे, साधारण दहाव्या मिनिटाच्या आसपास, स्पीकर फाटतो. म्हणून आधी तोच भाग वाजवून आवाज बसवा, बटणापाशी खूण करा. नंतर बटणाला हात नाही. पोरांना गप्प करा.

पहिले ‘द बार्टर्ड ब्राइड’ या त्याच्या ऑपेराचं, म्हणजे गाण्यातल्या नाटकाचं, ओव्हर्चर (सुरुवातीचं नुसतं वाद्यांचं संगीत), सात-एक मिनिटं. ऑपेरा 1866 चा. त्याच वर्षी स्मेताना प्रागच्या प्रोव्हिजनल थिएटरचा मुख्य कंडक्टर झाला. गोष्ट खेड्यातल्या लग्नाच्या सौद्याची. झाडीपट्टीची नाटकं पाहणाऱ्याला एवढं पुरे.

मग ‘वल्टावा’, बारा-तेरा मिनिटं. टप्पे आधी सांगा: दोन झरे, शिकारीचे हॉर्न, खेड्यातलं लग्न, चांदणं, खळाळ, शेवटी प्रागमधला व्हिशेह्राडचा किल्ला. लग्नातला पोल्का, म्हणजे तिकडचा नाच, दोन मात्रांचा, लोक टाळी धरतात, धरू द्या. निवेदनात वैनगंगा आणू नका, ती लोक स्वतःच आणतात.

ऑक्टोबर 1874 मध्ये त्याचे दोन्ही कान गेले आणि ‘वल्टावा’ त्यानंतरच्या काही आठवड्यांत लिहिली, हे वाजवून झाल्यावर सांगा. आधी सांगितलं तर लोक नदी ऐकत नाहीत, ‘बिचारा’ ऐकतात.

शेवटी 1876 च्या त्याच्या पहिल्या क्वार्टेटचा (चार तंतुवाद्यांच्या रचनेचा) चौथा भाग. नाच रंगात असताना अचानक थांबतो, खाली तारा थरथरतात आणि वर एका व्हायोलिनवर टिपेचा ‘ई’ हा सूर ताणला जातो. बहिरेपणाआधी त्याच्या कानात वाजणारी शिट्टी ती हीच. ही जागा येण्याआधी बोट वर करून खूण द्या, नाहीतर निसटते.

‘वल्टावा’ ज्यातली आहे ती सहा रचनांची ‘मा व्लास्त’ सव्वा तासाची. पहिल्याच रात्री पूर्ण लावली तर अर्धी सतरंजी रिकामी होते. विचारेल त्याला नाव लिहून द्या.